कैरोहून गिझा, एक दिवसाची प्रायव्हेट टूर : गाईडला पाच स्टार, कंपनीला दोन

रिव्ह्यू लांबलचक आहे, आधीच सांगतो. घाईत असलेल्यांसाठी दोन ओळी: टूर घ्या, पण "दुकानांचे थांबे नकोत" हे बुकिंग करतानाच लेखी घ्या, आणि गाईड इजिप्तॉलॉजी शिकलेलाच पाहिजे असं ठणकावून सांगा. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

मी भोसरीत मशीन शिफ्टिंगचं काम करतो, सत्तावीस वर्षं झाली. पॉवर प्रेस, लेथ, बॉयलर, सीएनसी, जे काय असेल ते ह्या शेडमधून काढायचं आणि त्या शेडमध्ये नेऊन लेव्हलला बसवून द्यायचं. हायड्रा क्रेन आत शिरत असेल तर काम सोपं, पण निम्म्या वेळा शेडचं दार बुटकं नाहीतर वरून केबल ट्रे गेलेला, मग पहार, जॅक, लोखंडी पाईप आणि आठ पोरं, अशीच दहा-बारा टनांची धुडं आम्ही सरकवत आलोय. त्यामुळे इजिप्तचं ठरलं तेव्हा हिला ममी बघायच्या होत्या, पुतण्याला उंटावर बसून रील करायची होती, आणि मला एवढंच बघायचं होतं की ह्या लोकांनी तो दगड हलवला कसा. रिव्ह्यू त्या नजरेनेच वाचा, जेवणातल्या पनीरची चौकशी माझ्याकडे करू नका.

आधी कंपनीचं उरकतो. नाव घेत नाही, ॲपवर "गिझा प्रायव्हेट डे टूर" टाकलं की पहिल्या पाचात येते. पिकअप साडेसातचा, गाडी आली सव्वाआठला. गाडी चांगली, एसी चांगला, ड्रायव्हर अगदी देवमाणूस. पण गाडी निघाली ती थेट पिरॅमिडला न जाता "पपायरस इन्स्टिट्यूट" नावाच्या ठिकाणी थांबली, इन्स्टिट्यूट कसली, दुकान हो. पपायरस म्हणजे पाणवनस्पतीच्या देठापासून केलेला जुना इजिप्शियन कागद, केळीच्या पानाचा खोटा आणि देठाचा खरा कसा ओळखायचा याचं वीस मिनिटं लेक्चर, मग कोल्ड्रिंक, मग भाव. तिथून सुटलो तर अत्तराचं दुकान. मी दारातच बसून राहिलो, पण हिने संकोचून एक बाटली घेतली आणि ती हॉटेलवर पोचेपर्यंत पिशवीत गळून गेली. ह्या सगळ्यात पावणेदोन तास गेले, आणि गिझाला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर. हे थांबे बुकिंगच्या पानावर कुठंच लिहिलेले नव्हते. स्टार तिथंच कापले.

गिझाला आता आत जायचं गेट नवीन आहे, फय्यूम रोडच्या बाजूने, आणि आत इलेक्ट्रिक बस फिरतात, एका थांब्यावर उतरायचं, बघायचं, मागून येणाऱ्या दुसऱ्या बसमध्ये चढायचं. ही सोय चांगली आहे, गुडघेवाल्यांसाठी तर फारच. उंटवाले तरी सोडत नाहीतच, "इंडिया? अमिताभ बच्चन!" म्हणून सुरुवात होते. हसायचं आणि पुढं चालायचं.

गाईड गेटवर भेटला. तिशीचा पोरगा, उन्हाने रापलेला, पाठीवर सॅक आणि सॅकमधून ॲल्युमिनियमचा एक ट्रे डोकावत होता, मला वाटलं ह्याचा डबा असेल. त्याने नेहमीचं सुरू केलं: खुफू राजाचा पिरॅमिड, इसवी सनापूर्वी २५६० च्या आसपासचा, मूळ उंची १४६ मीटर, सुमारे २३ लाख दगड, सरासरी वजन अडीच टन. मी काही वर बघतच नव्हतो, सगळ्यात खालच्या थरातले दगड बघत होतो, सवयच ती, लोड दिसला की पहार कुठून घालायची तेच आधी दिसतं. त्याच्या ते लक्षात आलं असावं. म्हणाला, सर, तुम्ही काय करता? मी सांगितलं आणि मोबाईलमधला एक व्हिडिओ दाखवला, बारा टनाची प्रेस पाईपवरून सरकतेय आणि आमचा मुकादम शिव्या घालतोय. पोरगा एकदम खूश. तिथून पुढचा दिवस आमचा दोघांचा होता, बाकीचे मागून आले.

आता माझं आधीपासूनचं मत सांगतो, म्हणजे कुठं तोंडावर पडलो ते कळेल. माझ्या मते उत्तर सरळ होतं: रोलर. दगडाखाली गोल ओंडके टाकायचे, मागचा निघाला की उचलून पुढं टाकायचा, आम्ही पाईपने करतो तेच. पुतण्या म्हणाला, "काका, एवढं साधं असतं तर जगाला पाच हजार वर्षं कळलं नसतं का, एलियन होते." गाईडने दोन सेकंद डोळे मिटले, रोज ऐकत असणार बिचारा. पण मग माझ्याकडे वळून विचारलं, की तुमचा पाईप कुठल्या जमिनीवर चालतो? मी म्हटलं काँक्रीटवर, ट्रिमिक्सची फरशी असेल तर लोण्यासारखा. म्हणाला, आणि मुरुमावर? आता मुरुमावर पाईप टाकला की तो रुततो, मग आम्ही खाली प्लेटा टाकतो, आणि प्लेटांच्या जॉइंटवर पाईप अडकला की घण मारत बसायचं, हे मी त्याला काय सांगणार. गप्प बसलो. तो म्हणाला की इजिप्तमध्ये सरळसोट जाड लाकूडच फारसं नाही, चांगलं देवदार लेबनॉनकडून समुद्रमार्गे यायचं, ते लाकूड अडीच टनाखाली चेचायला कोण देईल? आणि जुन्या चित्रांत दगड ओढताना जे दिसतं ते स्लेज आहे, चाकं नसलेली लाकडी घसरगाडी, पुढं वर वळलेली. चाकाची गाडी असती तरी ती वाळूत रुतलीच असती.

मग तो ट्रे बाहेर आला. हा ह्या टूरचा सगळ्यात भारी भाग, आणि बुकिंगच्या पानावर ह्याचा उल्लेखसुद्धा नाही, म्हणजे बघा. बसथांब्याच्या सावलीत बसून त्याने ट्रेमध्ये कोरडी वाळू पसरली, त्यावर तळाशी पट्टी मारलेला लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर एक वीट, आणि ठोकळ्याला मासेवाले वापरतात तसला स्प्रिंगचा काटा अडकवला. म्हणाला, ओढा. ओढला. सुरुवातीला काटा वर चढत गेला, ठोकळा हलेना, मग सुटला तो एकदम, आणि चार बोटं गेला नाही तोवर पुढ्यात वाळूचा ढीग जमला आणि काटा परत वर. त्याने वाळू सपाट केली, बाटलीने थोडं पाणी शिंपडलं, नुसती ओलसर होईल इतकंच, आणि तळव्याने थापली. आता ओढा म्हणाला. अहो काटा जवळजवळ निम्म्यावर आला! ढीग नाही, काही नाही, ठोकळा सुतासारखा सरळ. मग त्याने मुद्दाम बदाबदा पाणी ओतलं, चिखल केला, आणि परत ओढायला लावलं तर काटा पुन्हा जड. पाण्याचं प्रमाण चुकलं की खेळ खलास.

हे अॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या लोकांनी २०१४ मध्ये प्रयोगशाळेत मोजलंय म्हणे, योग्य ओल असेल तर वाळूवर स्लेज ओढायला लागणारा जोर निम्मा होतो, कारण पाण्याने वाळूचे कण एकमेकांना धरून ठेवतात आणि स्लेज रुतत नाही. आणि गंमत म्हणजे हे चित्रात आधीपासून होतंच. देर अल-बर्शा नावाच्या ठिकाणी जेहुतिहोतेप नावाच्या एका सुभेदाराची कबर आहे, पिरॅमिडनंतर सहा-सातशे वर्षांची, तिच्या भिंतीवर त्याचा प्रचंड पुतळा स्लेजवरून ओढून नेतानाचं चित्र आहे. गाईडने ते लॅमिनेट करून आणलं होतं. चार दोऱ्या, १७२ माणसं, आणि स्लेजच्या पुढच्या टोकावर एक जण उभा राहून घड्यातून पाणी ओततोय. लोकांना कित्येक वर्षं वाटायचं की हा काहीतरी धार्मिक विधी असेल. मी मात्र दुसऱ्याच माणसाकडे बघत होतो. पुतळ्याच्या गुडघ्यावर एक जण उभा आहे आणि टाळ्या वाजवतोय. गाईड म्हणाला, तो ताल देतोय. मी म्हटलं, हा आमचा मुकादम! कारण ओझं हलवताना आठ पोरांची ताकद एकत्र लागली तरच ती आठाची, नाहीतर ती एकेक आठ वेळा. पहिला झटका सगळ्यात जड असतो, काट्यावर दिसलंच ते, एकदा सुटलं की निम्म्या जोरात चालतं, आणि तो पहिला झटका सगळ्यांचा एकाच क्षणाला बसला पाहिजे, म्हणून तर आमच्यात "हैश्शा" असतं. तो टाळ्यावाला माणूस ओझ्यावर चढून उभा आहे, म्हणजे त्याला सगळी टोळी दिसतेय. बरोब्बर जागा. आमचा मुकादमही तिथंच चढतो, सेफ्टीवाले ओरडतात तरी.

मी तिथंच हिशोब केला. अडीच टन दगड, कोरड्या वाळूवर ओढायला सव्वा टन जोर धरू, एक माणूस सलग पस्तीस किलो ओढतो धरला तर छत्तीस माणसं. ओल्या वाटेवर अठरा. वर स्लेजचं वजन आणि चढ धरून आणखी काही. अठरा-वीस माणसांची टोळी म्हणजे आम्ही मोठ्या कामाला लावतो तेवढीच की हो. इथपर्यंत येऊन मला जरा रागच आला, की आपण एवढी वर्षं "कसं केलं असेल बुवा" म्हणत बसलो होतो.

पण मग दुसरा हिशोब डोक्यात आला. २३ लाख दगड, वीस वर्षं, म्हणजे दिवसाला तीनशेच्या वर, दहा तास काम धरलं तर दर दोन मिनिटांना एक दगड जागेवर बसला पाहिजे. दर दोन मिनिटांना! आमची एक प्रेस बसवायला अख्खा दिवस जातो. गाईड म्हणाला चला, आणि पिरॅमिडच्या दक्षिणेला घेऊन गेला, जिथं सहसा कुणी टुरिस्ट जात नाही. तिथं जमिनीतच खाण आहे. आतला बहुतेक सगळा चुनखडीचा दगड इथूनच निघालाय, म्हणजे पिरॅमिडपासून चालत काही मिनिटांवर. कातळात चर खणून ठोकळे सुटे केलेले अजून दिसतात, चर माणूस आत उभा राहून हातोडा मारू शकेल एवढा रुंद. आणि आतले दगड काही नीट घडवलेले नाहीत, वेडेवाकडे, मधल्या फटीत चुरा आणि जिप्समचा गिलावा, आपल्या भाषेत पॅकिंग. फिनिशिंग फक्त बाहेरच्या थराला आणि आतल्या खोल्यांना. शिवाय पिरॅमिडचा आकारच असा की खालच्या एक तृतीयांश उंचीत सत्तर टक्के माल बसून जातो. म्हणजे बहुतेक दगड फार उंच चढवावेच लागले नाहीत, आणि खालचा विस्तार एवढा मोठा, एकेक बाजू २३० मीटर, की चारी बाजूंनी दहा-वीस टोळ्या एकाच वेळी काम करू शकतात. दोन मिनिटांचं भूत तिथंच उतरलं.

हिचा आवाज आला, "अहो, तुम्ही सुट्टीला आलात का टेंडर भरायला?" तिला पाणी दिलं आणि पुढं निघालो.

आता मेरर. हे नाव मला आधी माहीतच नव्हतं आणि आता मी ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. बाहेरच्या थराचा पांढराशुभ्र चुनखडीचा दगड गिझाचा नाही, तो नाईलच्या पलीकडच्या तीरावरच्या तुरा नावाच्या जागेच्या खाणीतला. तो आणायचं काम ज्या टोळ्यांकडे होतं त्यातल्या एका टोळीच्या मुकादमाची, म्हणजे ह्या मेररची, रोजनिशी सापडली आहे! २०१३ मध्ये, तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ नावाच्या ओसाड जागी, पिएर ताले नावाच्या फ्रेंच संशोधकाच्या टीमला. लिहिलेले पपायरस म्हणून जगात सापडलेल्यांपैकी सगळ्यात जुने हेच, खुफूच्या कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षांतले. मेररच्या हाताखाली चाळीसेक माणसं. आणि लिहिलंय काय, तर आज टोळी तुऱ्याला, दगड भरले. आज तुऱ्याहून निघालो, बोट दगडांनी भरलेली. रात्री खुफूच्या तळ्यावर मुक्काम. आज पिरॅमिडला पोचलो. परत रिकामी बोट, परत तुरा. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. अहो, हे आमचं ट्रिप शीट आहे! हजेरी आणि खेपा, दुसरं काय लिहिणार मुकादम? वर साहेबाचं नावही आहे, आंखहाफ, तो खुफूचा सावत्र भाऊ समजला जातो आणि बोटी जिथं लागायच्या त्या तळ्याच्या तोंडाशी असलेल्या बंदराचा कारभार त्याच्या देखरेखीखाली चालायचा. घरचा माणूस साईटवर, हेही ओळखीचंच.

नाईल आज पिरॅमिडपासून सात-आठ किलोमीटर लांब आहे, म्हणून मी विचारलं की बोटीतून उतरवून इथवर कसं. तर तेव्हा नदीचा एक फाटा पठाराच्या जवळून जायचा, आता तो गाळाने बुजलाय, आणि त्याला जोडून कालवे आणि तळी खणलेली होती. पुराच्या महिन्यांत पाणी चढलं की बोट जवळजवळ साईटच्या पायथ्याला. शेतात पाणी, म्हणजे शेतकरीही मोकळा. आम्हीही शिफ्टिंगची मोठी कामं दिवाळीच्या शटडाऊनला घेतो, तेव्हाच शेड रिकामं आणि लाईन बंद. पाण्यावर सत्तर टन तरंगवणं आणि जमिनीवर सत्तर टन ओढणं ह्यात किती फरक आहे ते ज्याने ओढलंय त्यालाच विचारा.

मग आत गेलो. आत जायचं तिकीट वेगळं आहे, ते कंपनीच्या पॅकेजमध्ये नाही, हेही लपवलेलंच म्हणा. वाकून चढायचं, मग एकदम उंच ती ग्रँड गॅलरी, आणि वर राजाची खोली. गुडघे दुखत असतील तर जाऊ नका, आत हवा कोंदट आहे आणि माझ्या पुढं एक इटालियन बाई मध्येच बसल्या तर मागची सगळी लाईन वाकलेल्या अवस्थेत उभी. पण मी गेलो ते छत बघायला. त्या खोलीवर ग्रॅनाइटच्या नऊ शिळा आहेत, मिळून चारशे टनांच्या आसपास, आणि हा ग्रॅनाइट अस्वानचा, नदीने आठशे-नऊशे किलोमीटर वरून आलेला, आणि खोली जमिनीपासून ४३ मीटर उंचीवर. चौदा मजली बिल्डिंगच्या गच्चीवर पन्नास टन. मी आडवा झालो नाही एवढंच, बाकी मान मोडेपर्यंत बघितलं. दोन शिळांच्या मधल्या सांध्यात हिची केसाची पिन गेली नसती. इथं ओल्या वाळूचं गणित पुरत नाही, इथं शेकडो माणसं, मजबूत रॅम्प आणि महिन्यामहिन्यांचं प्लॅनिंग लागलं असणार. खाली आल्यावर गाईडलाही तेच म्हटलं, तर त्याने मान डोलावली आणि म्हणाला, म्हणूनच अशा शिळा मोजक्याच आहेत.

रॅम्पवर इतकंच सांगतो की एकच एक उत्तर नाही आणि गाईडने ते प्रामाणिकपणे सांगितलं, बाकीचे गाईड शेजारी उभे राहून "इनसाइड स्पायरल", म्हणजे पिरॅमिडच्या आतूनच गोल फिरत गेलेला रॅम्प, वगैरे छातीठोक सांगत होते. खाणीकडून सरळ आलेला रॅम्प, पुढं पिरॅमिडला वेढे घालत गेलेला, असे वेगवेगळे तर्क आहेत. पण २०१८ मध्ये हतनूब नावाच्या जागी अलाबास्टरच्या, म्हणजे संगमरवरासारख्या फिकट मऊ दगडाच्या, खाणीत खुफूच्याच काळातला एक रॅम्प उघडा झालाय, वीस टक्क्यांहून जास्त चढाचा, आणि दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि खांब रोवायची भोकं. वीस टक्के चढ म्हणजे आपल्या घाटातले बहुतेक टप्पेही एवढे नसतात. त्या खांबांना दोरीचा वेढा घेऊन खालच्या बाजूला उभ्या माणसांनी ओढायचं, म्हणजे ओढणाऱ्याचं वजनही कामाला लागतं आणि ओझं मागं सुटायला लागलं तर खांबाचा वेढा त्याला धरतो. आम्ही बेसमेंटच्या उतारावरून मशीन खाली सोडताना कॉलमला दोन वेढे मारतो, अगदी तेच. मी हे बोललो तर गाईडने फोन काढून त्यात लिहून घेतलं. मला काय वाटलं असेल सांगा.

आता ज्यांच्यासाठी खास थांबावं अशी एक जागा. तिसरा, तीन मोठ्यांतला सगळ्यात लहान पिरॅमिड, मेनकौरे राजाचा. लोक तिथं जातच नाहीत, बस पण अर्धी रिकामी. त्याच्या खालच्या थरांना लाल ग्रॅनाइटचं आवरण आहे आणि ते काम अर्धवट सोडलेलं आहे. दाराभोवतीचा भाग तासून गुळगुळीत केलाय, पण बाजूच्या दगडांवर मुठीएवढे, काही ठिकाणी नारळाएवढे फुगवटे तसेच राहिलेत. हे मुद्दाम ठेवलेले असतात, पहारीचं टोक टेकवायला आणि दगड शेवटचा अर्धा इंच सरकवायला धरायला, आणि सगळं जागेवर बसलं की मग ते फोडून तासून टाकायचे. मशीनच्या बेडला जसे उचलायचे कान असतात तसेच! आणि मालकाला मशीन बसल्यावर ते कान खुपतात तसेच ह्यांनाही खुपायचे. मी त्यातल्या एकावर तळवा ठेवला, उन्हाने तापला होता, आणि पहार कुठल्या कोनातून लागली असेल ते बघत किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक, रखवालदार येऊन हात काढा म्हणाला. बरोबर आहे त्याचं.

ह्याच पिरॅमिडमधली राजाची दगडी शवपेटी इंग्रजांनी बाहेर काढली आणि जहाजाने लंडनला पाठवली, १८३८ मध्ये ते बीट्रिस नावाचं जहाज पेटीसकट बुडालं. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी बिनबोभाट आत नेली, आणि ह्यांना बाहेर नेता आली नाही. ट्रान्झिट इन्शुरन्स होता का माहीत नाही.

परतताना गाईडने लांबूनच कामगारांच्या कबरी दाखवल्या, स्फिंक्सच्या दक्षिणेला, "कावळ्याची भिंत" म्हणतात त्या जाडजूड दगडी भिंतीच्या पलीकडच्या उतारावर. १९९० मध्ये एका घोड्याचा पाय अडखळला तिथं, म्हणून सापडल्या. भिंतीच्या दक्षिणेला त्यांची वस्ती होती, पाव भाजायच्या भट्ट्या, गुरांची आणि शेळ्यामेंढ्यांची ढीगभर हाडं, बियर. गुलाम असते तर राजाच्या पिरॅमिडच्या सावलीत कबरी मिळाल्या नसत्या, आणि टोळ्यांनी दगडांवर आपली नावं लिहून ठेवलीत, "खुफूचे मित्र", "मेनकौरेचे बेवडे". दुसऱ्या नावावर पुतण्या एवढा हसला की एलियन विसरला. सांगाड्यांमध्ये मोडून नीट जुळवलेली हाडं सापडलीत, म्हणजे हाड बसवणारा माणूस साईटवर होता. आणि कमरेचे मणके झिजलेले. ते ऐकून मी पट्टा जरा घट्ट केला, सत्तावीस वर्षांत माझे एल-फोर एल-फाईव्हही गेलेत, डॉक्टरने सांगितलंय पहारीला हात लावू नका.

जेवण कंपनीने ठरवलेल्या ठिकाणी, कोशरी चांगली होती, डाळ-तांदूळ-मॅक्रोनी-टोमॅटो एकत्र, वर तळलेला कांदा, हिला आवडली. बाकी बुफे विसरा. त्यानंतर ग्रँड इजिप्शियन म्युझियमला फक्त दीड तास, कारण सकाळ अत्तरात गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्ण उघडलेलं एवढं मोठं म्युझियम आणि दीड तास, हा गुन्हा आहे. ही तुतानखामूनकडे पळाली, मी खुफूच्या बोटीकडे. ४३ मीटर लांब, देवदाराची, १९५४ मध्ये पिरॅमिडच्या शेजारच्या खड्ड्यात सुट्या बाराशेच्या वर तुकड्यांत सापडली, फळ्या दोऱ्यांनी शिवलेल्या. २०२१ मध्ये ती जुन्या जागेहून इथं हलवली, अख्खी, न सोडवता, रिमोटवर चालणाऱ्या खास गाडीवर. त्या शिफ्टिंगचा फोटो तिथं बघितला तेव्हा मात्र जीव गेला, ही ऑर्डर मला मिळायला पाहिजे होती.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: सकाळी गेट उघडायच्या वेळेला पोचा. पिरॅमिडच्या आतलं तिकीट घ्यायचं का ते आधी ठरवा, भाव सारखे बदलतात. मेनकौरे चुकवू नका. टोपी, पाणी, आणि सुटे पाउंड. गाईडला टीप हातात द्या, कंपनीच्या ॲपमधून दिली तर त्याच्यापर्यंत सगळी पोचत नाही असं मला ड्रायव्हरने सांगितलं.

निघताना गाईडला विचारलं की आता पुढं काय बघू. म्हणाला, सर, तुम्ही अस्वानला जा, तिथं खाणीत एक ओबेलिस्क आहे, म्हणजे एकाच दगडाचा टोकदार स्तंभ, ४२ मीटर लांब, हजार टनांच्या वर, तीन बाजूंनी सुटा केलेला, आणि मग त्याला तडा गेला म्हणून जागेवरच सोडलेला. तुम्ही हललेले दगड बघितले, आता न हललेला बघा. तेव्हापासून झोप नाही. हजार टन ते काढणार कसे होते? कातळातून सुटा झाल्यावर खालून धरायचं कुठं, नदीपर्यंत उतार किती, एवढा लांब लोड वळणावर फिरवायचा कसा, पुतण्याला रोज रात्री कागदावर काढून दाखवतो.

कंपनीला दुकानांच्या थांब्यांची तक्रार पाठवली होती. त्यांनी माफी मागून पुढच्या टूरवर दहा टक्क्यांचं कूपन दिलंय. ते अस्वानला चालतं का म्हणून विचारलंय, अजून उत्तर आलेलं नाही. आलं आणि तोच गाईड मिळाला तर दोनाचे तीन स्टार करीन.